धुराचा घोट

प्रवासांत गांवोगांवची बिअर चाखणें हाहि इतिहासाच्या अभ्यासाचा एक मार्ग आहे, असें आम्हीं म्हटल्यास वाचक हंसतील. परंतु उत्तर बव्हेरियांतील बाम्बेर्ग शहरीं आम्हांस त्याची प्रचीति आली. तेथील श्लेंकेर्ला या मद्यगृहाचा पहिला लेखी उल्लेख १४०५ सालचा आहे. तेथें काळसर बिअरचा पेला ओठीं लावतांच चुलीच्या धुराचा वास आला. पहिला घोट आम्हीं कष्टानेंच गिळला. तिसऱ्या घोटास मनांत कुतूहल जागें झालें.

बिअरसाठीं जवास मोड आणून ते वाळवावे लागतात. पूर्वीं युरोपांत पुष्कळ ठिकाणीं ते लाकडाच्या जाळावर वाळवीत, त्यामुळें धूर दाण्यांत मुरे. पुढें दगडी कोळशाच्या कोकची निर्धूर आंच आली, मागाहून नुसत्या तापलेल्या हवेच्या भट्ट्या आल्या, आणि बिअरमधील धूर नाहींसा झाला. बाम्बेर्ग येथील श्लेंकेर्ला व १५३६ पासूनचें स्पेझिआल या दोघांनीं मात्र बीच वृक्षाच्या लाकडाचा जाळ सोडला नाहीं.

म्हणजे आज जें त्या शहराचें वैशिष्ट्य म्हणून मिरवतें, तें एके काळीं पुष्कळांचें नित्याचेंच होतें. इतरांनीं टाकलें, म्हणून राखणाऱ्याचें तें निराळें ठरलें. आम्ही आयुष्यभर कागदपत्रें चाळलीं. तीं सन सांगतात, किंमत सांगतात. चव सांगत नाहींत. तिचा अभ्यास शेवटचा जाळ विझेपर्यंतच करतां येतो.