घोडकाठचे सोने

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या जमिनीत निसर्गाने ठेवलेले सोने नाही. घोड, भीमा, मुळा-मुठा यांच्या काठची काळी माती ज्या बसाल्टपासून झाली, तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. सोने सापडते ते याहून कितीतरी जुन्या खडकांत: कर्नाटकातल्या हट्टी आणि कोलारच्या पट्ट्यांत, किंवा आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत थोड्याफार खुणांच्या रूपाने. कर्नाटकातले ते पट्टे अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. म्हणजे शिरूरच्या शेतात कुणाला सोन्याचा मणी सापडला, तर तो तिथे माणसानेच आणलेला असणार. तो कुणीतरी घडवला, ल्यायला, हरवला, पुरला किंवा कुणाच्या देहाबरोबर मातीत ठेवला. गुप्तधनाच्या सगळ्या चर्चेत ही साधी भूशास्त्रीय गोष्ट बाजूला पडते, आणि तिच्यावरच माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. मेटल डिटेक्टर घेऊन सोने शोधण्याचा जो उद्योग जगाच्या रुक्ष मुलखांत नावाजला, तो घोडकाठी आणला की त्याचा अर्थच बदलतो. तिथे माणूस निसर्गाकडून घेतो, इथे तो आपल्याच पूर्वजांची साक्ष पुसतो.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आधी घेऊ, कारण डिटेक्टर विकणारे त्याचाच दाखला देतात. तिथल्या सुवर्णक्षेत्रांत अतिप्राचीन खडक लाखो वर्षे झिजत राहिला. माती आणि भुगा वाहून गेला, पण जड सोने जागीच राहिले. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1892 मध्ये कूलगार्डीला आणि 1893 मध्ये कालगुर्लीला सोने लागले, तेव्हा माणसे पाण्यावाचून मेली, तरी लोंढा थांबला नाही. पुढे यंत्र आले. 1980 मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या किंगोवर गावाजवळ 27 किलोंहून अधिक वजनाचा एक गोळा डिटेक्टरच्या आवाजावरून सापडला. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने तो जगभर गाजला. तो जमिनीतून काढल्यामुळे कुठलाही इतिहास बुडाला नाही, कारण त्याला मानवी इतिहासच नव्हता. कोणत्या थरात होता, शेजारी काय होते, हे कुणी लिहून ठेवले नसते तरी माणसांबद्दलच्या ज्ञानात काडीचा फरक पडला नसता. तिथल्या माणसाच्या चिकाटीचे आणि नशिबाचे कौतुक मोकळ्या मनाने करता येते.

आता शिरूर तालुक्यातले इनामगाव. घोड नदीच्या उजव्या काठावरच्या तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढची सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नावे त्याचा मोठा अहवाल 1988 मध्ये निघाला. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 अशी सुमारे नऊशे वर्षांची सलग वस्ती तिथे उलगडली: आधी माळवा संस्कृतीची, मग पूर्व जोर्वे, मग उत्तर जोर्वे. सव्वाशेहून अधिक घरे उघडी झाली. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. पुराला अडवणारा बांध आणि पाण्यासाठीचा चर सापडला. कुंभाराची भट्टी, जवाचे जळके दाणे, गहू, मसूर, बोरांच्या बिया, गाईगुरांची आणि हरणांची हाडे मिळाली. सोनेही मिळाले, पण अगदी मोजके, बारीक दागिन्यांच्या रूपात. तांबेही जपून वापरलेले दिसते. रोजची कापाकापी दगडी पात्यांवरच चाले. हे सोने कर्नाटकातून, टेक्कलकोटसारख्या ठिकाणांकडून आले असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. त्या मण्यांची किंमत वजनात धरली तर नगण्य. पण ते कुणाच्या घरात, कोणत्या थरात मिळाले हे ठाऊक असल्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका कोरडवाहू खेड्याचा तुंगभद्रेकडच्या मुलखाशी असलेला संबंध कळतो.

आणि मातीतले हे सगळे ज्ञान डिटेक्टरला ऐकूच येत नाही. यंत्राच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत त्याने प्रवाह उठतो आणि त्याची चाहूल यंत्राला लागते. जव, हाड, कोळसा, मडके, चुलीची राख यांतले काहीही त्याला कळत नाही. त्यात बसाल्टच्या मातीत मॅग्नेटाइट भरपूर, त्यामुळे यंत्र उगाचच किणकिणत राहते. नाण्याएवढी वस्तू साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच पकडता येते. इनामगावचे थर मात्र काही मीटर जाड आहेत. परिणाम ठरलेला असतो: आवाज आला की खड्डा, खड्ड्यात काही नाही म्हणून आणखी खोल खड्डा. ज्या गोष्टींनी इनामगाव जगाच्या पुरातत्त्वात पोहोचले, त्या नेमक्या अशा खड्ड्याच्या वाटेत येतात.

तिथल्या दफनांचाच विचार करा. मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यांत मुलाचा देह, आणि ते घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांना उत्तर-दक्षिण निजवत, आणि बहुतेकांचे पाय घोट्यापाशी तोडलेले असत. मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या भांड्यात एक माणूस बसवलेला मिळाला, पाय शाबूत असलेला, बहुधा गावचा प्रमुख. गुप्तधनाच्या शोधात निघालेल्याच्या डोक्यात पक्के बसलेले चित्र कोणते असते? घराच्या जमिनीखाली पुरलेले रांजण, वर झाकण. त्याला इनामगावात नेमके तेच भेटेल. तो ते आशेने फोडेल आणि आत मुठीएवढी हाडे पाहून घाबरून फेकून देईल. याच हाडांवरून, इनामगाव, दायमाबाद आणि नेवासे इथल्या लहानग्यांच्या सांगाड्यांवरून, संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. उत्तर जोर्वे काळात वाढ खुंटत गेल्याच्या खुणा त्यात दिसल्या. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शिकारीचा वाटा वाढतो, आणि अखेर वस्ती उठते. आजही अवर्षणप्रवण म्हणून नोंदलेल्या या पट्ट्यात उपासमारीने लेकरांच्या हाडांवर काय कोरले, हे सांगणारा तीन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा कुठल्याही सोन्यापेक्षा मोलाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

त्याहून नाजूक उदाहरण इनामगावच्याच एका घराच्या जमिनीखालचे. झाकण असलेली एक मातीची पेटी, आत एक स्त्रीमूर्ती. पेटीबरोबर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल. सगळे कच्च्या मातीचे, न भाजलेले. महाराष्ट्रातल्या घरगुती देवीपूजेचा इतका जुना पुरावा दुर्मिळ आहे. कुदळीच्या पहिल्या घावात तो ढेकूळ झाला असता, आणि ढेकूळ झाला हे खणणाऱ्याला कळलेही नसते.

गुप्तधनाचा ध्यास निव्वळ अंधश्रद्धेतून आला, असे मात्र मी म्हणणार नाही. भीमाकाठचा हा मुलूख फौजांच्या वाटेवरचा. दौंडपासून जवळच, नदीपलीकडे पेडगावला बहादूरगड, मोगलांचे मोठे ठाणे. 1802 मध्ये होळकरांच्या फौजेने हडपसरला पेशव्यांचा पराभव केला, तेव्हा पुण्याभोवतालच्या खेड्यांना धास्ती बसली नसेल तरच नवल. खेड्यात पेढी नाही, बँक नाही, अशा काळी रोकड भुईत पुरणे हाच शहाणपणा होता, आणि पुरणारा परत आला नाही की धन राहून जाई. ही आठवण खरी आहे. तिच्यावर नंतर पायाळू माणसाच्या डोळ्यांतले अंजन, धनावर बसलेला नाग, देवऋष्यांचे तोडगे यांची पुटे चढली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला 1972 ते 1974 या काळात धनाच्या हव्यासापायी जे खून झाले, त्यांनी हा ध्यास कुठवर जातो ते दाखवले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. आज पायाळूची जागा यंत्राने घेतली. नरबळीपेक्षा यंत्र बरे, हे उघड आहे. पण टेकाडाचे नुकसान दोघांच्या खड्ड्याने सारखेच होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मोठे शोध पुष्कळदा सामान्य माणसाच्या कुदळीनेच लागतात. खरे आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार काशाच्या शिल्पांचा साठा मिळाला: बैल जुंपलेला रथ आणि त्यातला सारथी, हत्ती, गेंडा, रेडा. भारतीय धातुकलेतली ती अपूर्व शिल्पे आहेत, आणि शोधणाऱ्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण याच साठ्याची दुसरी बाजूही आहे. तो पुरातत्त्वज्ञांच्या देखत थरातून निघाला नाही, म्हणून त्याचा काळ वादात राहिला. ढवळीकर, एस. आर. राव, म. न. देशपांडे आणि एस. ए. साळी यांनी तो ताम्रपाषाणयुगीन मानला. धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, तसे त्या काळच्या इतर वस्तूंत नाही, म्हणून डी. पी. अग्रवाल यांनी तो बराच नंतरचा असावा असे म्हटले. साळींनी 1975 ते 1979 या काळात तिथे कसून उत्खनन केले, तरी हा प्रश्न सर्वांना मान्य होईल असा सुटला नाही. देशातल्या एवढ्या थोर शिल्पांबद्दल ती हडप्पा परंपरेतली की पुढच्या ऐतिहासिक काळातली, हे आपण छातीठोक सांगू शकत नाही. एका सकाळच्या नोंदीअभावी ही किंमत मोजावी लागली.

उलट उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचे. 1906 मध्ये तिथे क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. सातवाहनाने क्षहरातांचा पाडाव केला, त्यांचे चलन आपलेसे केले, हे त्या संख्येतून आणि प्रमाणातून सिद्ध होते. साठा एकत्र पाहिला गेला म्हणून हे कळले. तीच नाणी सराफाकडे पाच-पाच, दहा-दहा करून वितळली असती, तर हाती चांदी आली असती आणि एक राजकीय घटना धूसरच राहिली असती. नेवाशाला तांब्याच्या मण्यांची माळ एका मुलाच्या गळ्यात मिळाली. तांब्याच्या गंजाने तिच्यातल्या दोऱ्याचा तुकडा टिकवला होता. तपासणीत तो कापूस आणि रेशमाचा निघाला. मणी सापडताच चिंचेने लख्ख घासणाऱ्या हातात हा दोरा कधीच वाचला नसता.

दुसरा आक्षेप कायद्याचा: सरकार सगळे काढून घेते, मग माणूस लपवणारच. ही समजूत चुकीची आहे. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर काय मिळाले, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे असते. शंभर वर्षांहून जुने, बेवारस ठरले आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे आणि उरलेले जमीनमालकाचे. सरकारला ते घ्यायचे असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश द्यावा लागतो. न कळवल्यास वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हा कायदा शोधणाऱ्यावर अन्याय करत नाही. त्याची खरी उणीव वेगळी आहे. तो मोलापासून सुरू होतो. इनामगावच्या कच्च्या मातीच्या पेटीला बाजारात किंमत शून्य, म्हणून तिच्यासाठी कुणी जिल्हाधिकाऱ्याच्या दारी जाणार नाही.

इंग्लंडचा दाखला देऊन कुणी म्हणेल, तिथे डिटेक्टरवाल्यांना बंदी नाही, तरी ज्ञान वाढते. तिथे 1996 चा कायदा झाला, 1997 पासून सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची योजना सुरू झाली आणि आज नोंदींची संख्या दहा लाखांच्या पुढे आहे. पण ते यंत्रामुळे घडले नाही. जिल्ह्याजिल्ह्यात नोंद घेणारा माणूस नेमला म्हणून घडले. यंत्राशी माझे वैर नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या 1876 च्या रणभूमीवर 1984 मध्ये डिटेक्टर रांगेने फिरवून प्रत्येक गोळीची जागा नकाशावर मांडली गेली, आणि कोण कुठून लढले हे नव्याने उमगले. शिरूर तालुक्यातच कोरेगाव भीमा आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचे वर्णन आपण मुख्यतः कागदांवरून करतो. तिथल्या न बांधलेल्या शिवारात असे शिस्तीचे काम झाले तर शिशाच्या गोळ्याही साक्ष देतील. हाच डिटेक्टर रात्री एकट्या माणसाच्या हाती असला की त्या गोळ्या भंगारात जातात.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटचा: गुप्तधनवाले मूठभर, टेकाडे खरी जातात ती सपाटीकरणात. हे मी पूर्ण मान्य करतो. पांढरीची माती खतासाठी आणि घरे लिंपायला पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. त्यात गैर कुणाला वाटले नाही, वाटण्याचे कारणही नव्हते. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि जेसीबी एका दिवसात जे सपाट करतो त्याला धनशोधकाला जन्म लागेल. नदीपात्रातला वाळूउपसा काठ पोखरतो, ते वेगळेच. पण दोन्ही नुकसानांवर उपाय एकच आहे, आणि तो खर्चिक नाही. तालुक्यात पांढरीची जी टेकाडे उरली आहेत त्यांचे गट क्रमांक तलाठ्याच्या दप्तरात नोंदवावेत, सपाटीकरणाआधी डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे, आणि काही सापडले तर ते न धुता, न हलवता शेतकऱ्याने ज्याला फोन करावा असा एक माणूस तहसील कचेरीत असावा. ज्याच्या रानात खापरे वर येतात त्या शेतकऱ्याचे त्यात नुकसान नाही; उलट 1878 च्या कायद्यातला त्याचा वाटाही अशाच नोंदीने शाबूत राहतो.