शब्दवेध : म्यान

कोल्हारच्या आसपास प्रवराकाठी ऊस आहे. शेजारच्या लोणीत 1950 साली सहकारी साखर कारखाना नोंदवला गेला, तेव्हापासून इथे पात्याचं नाव एकच, कोयता. तोडणीला आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीलाही 'एक कोयता' म्हणतात. शब्द द्राविडी कुळातला. कन्नडात 'कोय्' म्हणजे कापणं. दिवसभर उघडाच राबणाऱ्या या पात्याला म्यान मात्र नसतं.

'म्यान' फारसीतून आलं. मूळ 'मियान' म्हणजे मध्य, मधली जागा, कंबर. आणि तलवारीचं घरही. आपलं 'दरम्यान' त्याच घरातलं, 'दर' म्हणजे आत. 'तलवार म्यान केली' म्हणताना आपण पातं मधल्या पोकळीत ठेवतो, हे मला फार नेमकं वाटतं.

म्यान फक्त तलवारीलाच असतं असं नाही. जपानी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांच्या पात्यासाठीही हौशी लोक लाकडी म्यान करतात. तिकडचा शब्द 'साया'. लाकूड बहुधा 'होओ' या चाफ्याच्या कुळातल्या झाडाचं : मऊ, धारेला न दुखावणारं. दोन फळ्या आतून पात्याच्या मापाने कोरायच्या, मग चिकटवायच्या. पातं निसटू नये म्हणून आडवी खुंटी. लाकूड मुरलेलं, कोरडं हवं, नाहीतर पोलाद आतच गंजतं. तलवारीच्या म्यानाला तिथे भाताची खळ वापरत, म्हणजे साफसफाईला ते पुन्हा उकलता येई.

असं साधं म्यान आपल्या सुताराला अवघड नाही. कोयत्यालाही ते मिळावं. तोडणीवाल्यांच्या बैलगाडीत त्याच्याशेजारी लेकरं बसलेली असतात.