माळा आणि मचाण

जोंधळ्यावरची पाखरं गोफणीनं हाकायला शेतात उभारतात तो माळा. तसाच आडोसा शिकारीसाठी झाडावर बांधला, की मचाण. इंग्रज अमदानीत पुष्कळदा ते म्हणजे गावातलीच एखादी बाज, दोरांनी फांद्यांना जखडलेली. हलकी, कारण ती झाडावर चढवायची माणसांनीच. पण करकरणारी नको, आवाज झाला की वाघ फिरकत नाही. ही पारख गावकऱ्यांची. शिकारकथांत मात्र बंदुकीचं नाव सापडतं, बाज बांधणाऱ्याचं क्वचितच. याला मी इतिहासलेखनाचा दोषच म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघावरची बंदूक उतरवली, मचाण राहिलं. ताडोबा-मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यापाशी मचाणावर बसून लोक आता जनावरं मोजतात.