घरगुती बांधणी आणि रंगद्रव्यांचा इतिहास : रत्नागिरीच्या संदर्भात

पांढऱ्या सुती टी-शर्टला दोऱ्याच्या गाठी मारून, तो रंगाच्या बादलीत बुडवून त्यावर वर्तुळे उमटविण्याचा छंद आज रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही अपरिचित राहिलेला नाही. या छंदाविषयी बोलताना 'आपली प्राचीन बांधणी पुन्हा घरोघरी आली' असे सहज म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी करावयाची आहे. गाठ प्राचीन आहे, यात शंका नाही. घरी रंगविणे प्राचीन आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

कापडाच्या ज्या भागावर रंग चढू द्यावयाचा नाही, तो भाग दोऱ्याने आवळून अथवा मेणाने झाकून ठेवणे, हे रंगरोधक पद्धतीचे तत्त्व होय. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील काही वस्त्रांवरचे ठिपके बांधणीचे असावेत, असे वस्त्रेतिहासाचे अभ्यासक मानतात. मात्र कच्छ-सौराष्ट्रातील परंपरा पाहता एक गोष्ट लक्षात येते. तेथे गाठी मारण्याचे काम स्त्रिया घरी करीत. बांधलेले कापड रंगविण्याचे काम खत्री कारागिरांकडे असे. महाराष्ट्रातही नीळ रंगविणारे निराळी आणि इतर रंगांचे रंगारी अशा स्वतंत्र जातीच होत्या. म्हणजे गाठ घरातली असली, तरी रंग घरचा नव्हता.

याचे कारण रंगांच्या स्वभावात आहे. सुती धाग्यावर वनस्पतिजन्य लाल रंग सहजासहजी बसत नाही. कापडास आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवावे, मग तुरटी द्यावी आणि त्यानंतर आलीच्या, म्हणजे बारतोंडीच्या, मुळ्यांबरोबर ते उकळावे लागे. निळीची रीत याहून निराळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती विरघळावी म्हणून रांजणात चुना वा खार घालून दिवसेंदिवस आंबवावी लागते. बाहेर काढलेले कापड प्रथम हिरवट दिसते आणि हवा लागताच निळे होते. असा रांजण 'जिवंत' ठेवणे हे पिढीजात कौशल्याचे काम होते. एका वस्त्रासाठी ते कोणी घरी करणे शक्यच नव्हते.

कोकणापुरते पाहिल्यास विसंगती अधिक जाणवते. हिरडा सह्याद्रीत विपुल, बारतोंडी किनाऱ्यावर उगवणारी. घाटावरचे कापड दाभोळ बंदरातून परदेशी जात असे. तथापि बांधणीचे प्रसिद्ध केंद्र येथे उभे राहिले नाही. मराठी स्त्रीवेशाची अभिरुची विणलेल्या काठपदराकडे झुकलेली होती, हे त्याचे एक कारण असावे. चंद्रकळेसारखे एकरंगी लुगडे येथे अधिक आपले वाटले. बिब्ब्याने कापडावर खूण करणारा परीट मात्र गावोगाव होता. पण ती खूण रंग न जाण्यासाठी, रंग अडविण्यासाठी नव्हे!

कृत्रिम रंगांनी हे चित्र बदलले, पण एकाएकी नाही. 1856 मध्ये पर्किनचा जांभळा रंग आला, 1869 पर्यंत आलीच्या वर्गातील कृत्रिम लाल रंग तयार झाला आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. घराच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा 1884 चा म्हणावा लागेल. त्या वर्षीच्या 'काँगो रेड' या रंगास तुरटीची गरज नव्हती. रंग पाण्यात घालून कापड उकळले की काम होई. परंतु असे रंग धुण्यात सुटतात आणि गाठीखालचा राखलेला पांढरा भाग डागाळतो. बांधणीचा जीवच तेथे जातो. बाटिकला तर उकळते पाणी मुळीच चालत नाही, कारण मेण वितळते.

1954 मध्ये इंग्लंडमधील रॅटी व स्टीफन या रसायनशास्त्रज्ञांना धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग सापडले आणि 1956 मध्ये 'प्रोसिऑन' या नावाने ते विक्रीस आले. हे रंग थंड पाण्यात, धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने, सुती कापडावर पक्के बसतात. बादली, सोडा, दोरा आणि रात्रभराची ओल एवढ्यावर जे काम आज होते, त्याचा उगम येथे आहे. 1960 च्या दशकात अमेरिकन तरुणांनी बांधणीचा टी-शर्ट लोकप्रिय केला, तो पुडीतल्या गरम पाण्याच्या रंगांवर. पुढे गोव्याच्या किनाऱ्यावरून तो आपल्याकडे परिचित झाला. अर्थात, घरगुती बांधणी ही परंपरेची अखंड धारा नसून तिचा मोठा भाग विसाव्या शतकातील रसायनउद्योगाची निर्मिती आहे. तिला निव्वळ 'परंपरा' म्हणताना निराळी आणि रंगाऱ्यांचे ज्ञान आपण नकळत पुसून टाकतो.

या रंगांची दुसरी बाजू पाण्यात दिसते. बादलीतला सगळाच रंग धाग्याशी जोडला जात नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि धुण्याबरोबर वाहून जातो. एका घरातील ते पाणी थोडे. परंतु रसायनउद्योग याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथे आहे आणि त्याच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतील मच्छीमारांनी वारंवार तक्रारी केलेल्या आहेत. एकेकाळी ज्या खाडीतून रंगीत कापडाची गलबते बाहेर पडत, तीच ही खाडी.