कथलाची वाट

लेकीकडे इंग्लंडला गेले, तेव्हा कॉर्नवॉलच्या समुद्रकड्यावरून बॉटलॅक ते लेव्हंट पायी चालले. ज्या कथलाची आपण भांड्यांना कल्हई करतो, त्याच्या नि तांब्याच्या खाणी इथं थेट समुद्राखाली गेलेल्या. 1919 साली लेव्हंटमध्ये माणसं वर आणणारं यंत्र तुटलं. 31 कामगार गेले. त्यांची आठवण निघते. पण वर वाऱ्यापावसात हातोड्यानं खनिज फोडणाऱ्या बायका? त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत. तिथल्या बोलीत ‘बाल’ म्हणजे खाण. दहा-बारा वर्षांच्या पोरीही त्यात असत, मजुरी पुरुषांहून कमी. 2006 पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. बायांनो, तिथं गेलात तर उंच धुराडी बघाच. पण बायका कुठं राबत, तेही विचारा.