बिडातले साल

जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या मंडळींत रीळवाल्या लॉनमोअरचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानावर पडते : "अहो, साल तर बिडातच ओतलेले आहे, आणखी पुरावा कशाला हवा?" आणि त्यापाठोपाठ दुसरे : "आता एकदा सँडब्लास्ट करून छान रंग मारला की झाले." पहिल्या वाक्याने यंत्राचे वय ठरते, दुसऱ्याने त्याचा जीर्णोद्धार उरकतो. ही वाक्ये बोलणारे माझे स्नेही आहेत. त्यांच्या हातात माझ्यापेक्षा अधिक कसब आहे, आणि भंगारवाल्याच्या काट्यावरून त्यांनी परत आणलेल्या यंत्रांबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तरीही ही दोन्ही मते चूक आहेत. नुसती चूक असती तर गप्प बसलो असतो. पण पहिल्या मतातली चूक उघडकीस आणू शकेल असा पुरावाच दुसरे मत खरवडून टाकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्यांनाही मान्य व्हावा अशा शब्दांत. त्यांचे म्हणणे असे : कागद फाटतात, आठवणी पुसट होतात, विकणारा वाढवून सांगतो. ओतलेले अक्षर मात्र कारखान्यातच उमटते. त्यात नंतर कोणी ढवळाढवळ करू शकत नाही. शिवाय पेटंटचा आकडा ही सरकारदरबारी नोंदलेली गोष्ट. तेव्हा ज्या यंत्रावर 1869 आहे ते 1869 चे, फार तर एखाद्या वर्षाने पुढचे. रंगाविषयी त्यांचा युक्तिवाद याहून सरळ आहे. गंज हा लोखंडाचा वैरी. जुना रंग पोपडे धरतो, पोपड्याखाली ओल राहते, ओलीत गंज वाढतो. करणाऱ्याने यंत्र चकचकीतच विकले होते. ते पुन्हा तसे करणे हाच त्याचा मान. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण तथ्य असणे वेगळे आणि निष्कर्ष खरा असणे वेगळे.

पहिला मुद्दा घेऊ. या यंत्राचा जन्मच मुळी त्या समजुतीविरुद्ध साक्ष देतो. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधले स्ट्राउड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे गाव. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कातरण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांची यंत्रे वापरात होती. एडविन बिअर्ड बडिंग या यंत्रकाराने तीच युक्ती हिरवळीला लावली : वळणदार पात्यांचे एक आडवे रीळ, त्याखाली एक स्थिर सुरी, आणि मागच्या रोलरच्या फिरण्यातून दातेरी चाकांनी रिळाला मिळणारी गती. 31 ऑगस्ट 1830 रोजी त्याला पेटंट मिळाले. जवळच्याच थ्रप इथल्या ओतशाळेचा मालक जॉन फेराबी त्याचा भागीदार होता. 1832 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने परवाना घेऊन बडिंगचे यंत्र करायला सुरुवात केली. आता वाचकांनीच न्याय करावा. रॅन्सम्सने केलेले, बडिंगच्या पेटंटचे यंत्र 1830 चे असू शकते काय? पेटंट 1830 चे, हे खरे. यंत्र 1830 चे असणे अशक्य. सगळ्या परंपरेच्या आरंभीच कल्पनेचे साल आणि ओतकामाचे साल वेगवेगळे आहे.

"हा फरक दोन वर्षांचा; एवढ्याने काय बिघडते?" असे कोणी म्हणेल. फरक दोनच वर्षांचा का राहत नाही, ते कळायला ओतशाळेत जावे लागते. मी कोल्हापुरात एका फाउंड्रीत तासन् तास बसून ते पाहिले आहे. आधी सुतार लाकडाचा नमुना करतो. नाव, गाव, पेटंट ही सगळी अक्षरे त्या लाकडावरच उठावाची बसवलेली असतात. नमुना रेतीत दाबायचा, काढायचा, पोकळीत वितळलेले बीड ओतायचे. रेतीचा साचा प्रत्येक ओतकामानंतर मोडतो. लाकडी नमुना मोडत नाही. तो पुसून, शेलॅकचा हात देऊन फळीवर परत जातो आणि पुढच्या मागणीला पुन्हा खाली उतरतो. दहा वर्षांनी ओतलेल्या चौकटीवरही तीच अक्षरे तितकीच ठसठशीत उमटतात. ब्रिटनमध्ये 1919 पर्यंत पेटंटची मुदत 14 वर्षांची होती, त्या वर्षीच्या कायद्याने ती 16 झाली. ही मुदत संपली म्हणून चांगल्या नमुन्यावरची अक्षरे खरवडायला कोणता कारखानदार सुतार बसवील? म्हणजे बिडातल्या अक्षराचे वय हे लाकडी नमुन्याचे वय. लोखंडाचे नव्हे.

दुकानाच्या पाटीवर "स्थापना" म्हणून जे साल असते त्यावरून आतल्या मालाची तारीख कोणी ठरवत नाही. मग यंत्रापुढेच हा विवेक का सुटावा?

नुसत्या आकड्यांची गत तर याहून बिकट आहे. समजा, यंत्रावर "पेटंट 9345" एवढेच आहे. स्नेही लगेच पेटंटच्या यादीत 9345 शोधतात आणि सापडेल ते साल सांगतात. पण 1852 पासून 1915 अखेरपर्यंत ब्रिटिश पेटंटांचे आकडे दर वर्षी पुन्हा 1 पासून सुरू होत. 1884 नंतर वर्षाकाठी अर्जच दहा हजारांच्या वर होते. तेव्हा 9345 हा आकडा तीसच्या आसपास वेळा येऊन गेला आहे. त्यातला कोणता तुमचा? सलग आकडे सुरू झाले 1916 मध्ये, तेही 1,00,001 पासून. यातून खरोखर उपयोगाचे एक अनुमान निघते : यंत्राच्या मूळ भागावर सहा आकडी ब्रिटिश पेटंट असेल, तर तो भाग 1916 च्या आधीचा नाही. एवढेच. "याच्या आधीचे नाही" आणि "याच साली केलेले" ही दोन विधाने एक मानणे, हा सगळ्या गोंधळाचा मूळ हेत्वाभास आहे.

डिझाइनच्या नोंदणीचेही असेच. 1842 ते 1883 या काळात नोंदलेल्या आकृतीवर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असे. धातूच्या वस्तूंचा वर्ग रोमन एक, तो माथ्यावर; वर्षाचे अक्षर 1867 पर्यंत वरच्या कोनात, 1868 पासून उजव्या कोनात. ही जागा बदलल्याचे ध्यानात न घेता वाचले की वाचन पार फसते. 1884 पासून शंकरपाळे गेले आणि नोंदणीचे सलग क्रमांक आले. दोन्हींतून कळते ते नोंदणी केव्हा झाली ते. अमेरिकन यंत्रांवर पेटंटच्या तारखांच्या ओळीच्या ओळी दिसतात, कारण 1927 च्या कायद्यापर्यंत तिथे तारीख घालणे पुरेसे होते. त्यानंतर क्रमांक द्यावा लागू लागला. तारखांच्या त्या ओळींतली सर्वांत जुनी तारीख उचलून तिला यंत्राचे जन्मसाल म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. उचलायचीच तर सर्वांत अलीकडची उचलावी. तीही केवळ "याच्या आधीचे नाही" ही सीमा सांगते.

नावावरून वय सांगणारेही आहेत. लीड्सच्या टॉमस ग्रीनने 1859 मध्ये साखळीवर चालणारे "सायलेन्स मेसर" काढले; लॅटिनमध्ये अर्थ, न बोलता कापणारा. हे नाव पुढे कित्येक दशके चालले. मग नावातून साल कसे काढणार? याच वळणाची एक दंतकथाही आहे. पायी जाण्याला आपण अकरा नंबरची बस म्हणतो, तसे इंग्रज "शँक्सचे तट्टू" म्हणतात. आर्ब्रोथच्या शँक्सने 1842 च्या सुमारास तट्टाने ओढायचे मोअर केले, त्यामागे माणूस पायी चाले, म्हणून हा वाक्प्रचार आला असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. पण स्कॉटलंडात तो अठराव्या शतकातच रूढ होता, आणि शँक म्हणजे तंगडी. अक्षर जुळले की काळही जुळला, असे होत नाही.

मग वय ठरवायचे कशाने? एका पुराव्याने कधीच नाही. अनेक सीमा एकमेकींवर ठेवून. पाटीवर "रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज" असे नाव असेल तर ते 1884 च्या आधीचे नाही, कारण भागीदारांची ही नावे या क्रमाने तेव्हाच एकत्र आली. पाटीवर लंडनचा पत्ता असेल आणि विभागाच्या अक्षरांपुढे लहानसा आकडा असेल, तर 1917 नंतरची पाटी. ते आकडे त्या वर्षी आले. भारतात विकलेल्या यंत्रावर व्यापाऱ्याचे लेबल असेल आणि त्यावर "मुंबई 1" आहे की "400 001", हे पाहावे, कारण पिनकोड 15 ऑगस्ट 1972 चा. अर्थात लेबल विक्रीची साक्ष देते, निर्मितीची नव्हे.

आणि मग बोल्ट. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि मला तर सगळ्यांत बोलका पुरावा तोच वाटतो. आपल्या मिस्त्रींच्या भाषेतला तीन सुती बोल्ट, म्हणजे तीन अष्टमांश इंच, त्याच्या आट्यांवर थ्रेड गेज लावून पाहा. व्हिटवर्थने 1841 मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन 55 अंशांचा. त्याच घराण्यातले बारीक आटे 1908 मध्ये प्रमाण ठरले. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 1948 मध्ये मान्य केलेल्या समान आट्यांचा कोन 60 अंश. पाच अंशांचा फरक डोळ्यांना कळत नाही, पण गेजच्या दातांतून उजेड दिसतो. चौकटीच्या मूळ भोकातले आटे बारीक व्हिटवर्थ घराण्यातले निघाले तर बिडावर 1880 चे पेटंट असले तरी ते भोक 1908 च्या आधी पडलेले नाही. हा निकाल कोणत्याही कोरलेल्या सालापेक्षा मजबूत आहे. का? कारण साल मिरवण्यासाठी असते, आटे कामासाठी. मिरवणारा जुना दिसू पाहतो. काम करणाऱ्याला तशी गरज नसते.

आता दुसरे मत. हे सगळे पुरावे कुठे असतात? पृष्ठभागावर. पाटीखाली, बोल्टच्या माथ्याखाली, बेअरिंगच्या टोपणाच्या आत, रंगाच्या सर्वांत खालच्या थरात. आणि सँडब्लास्टिंग नेमके काय करते? पृष्ठभाग उडवते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे पहिले यंत्र मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, आणि मीच ते एका वर्कशॉपात सँडब्लास्टिंगला दिले. परत आले तेव्हा करड्या रंगाचे, सुंदर, एकसारखे. चौकटीच्या आतल्या बाजूला ब्रशने लिहिलेला चार आकड्यांचा क्रमांक होता, तो गेला. बेअरिंगच्या जागी रेतीने खड्डे पाडले. शिवाय वर्कशॉपने कुरकुरणारे बोल्ट काढून भोकांना मेट्रिक आटे पाडून दिले होते. काम नीट होते. त्यांना जे सांगितले ते त्यांनी केले. त्या यंत्राचे वय मला आजही सांगता येत नाही, आणि आता कोणालाच येणार नाही.

दुसऱ्या यंत्राची पितळी पाटी मी स्वतः सोडवली. चार लहान स्क्रू. त्यांवर दोन दिवस तेल सोडत राहिलो. पाटी उचलली तेव्हा तिच्याखाली गर्द हिरवा रंग निघाला, उन्हाने न विटलेला, आणि कडेला तांबडी रेघ, दाभणाच्या जाडीची. वरच्या तीन थरांत तो हिरवा कुठेच नव्हता. जे स्नेही "कारखान्यातून निघाले तसे" करायचे म्हणतात त्यांना माझा सरळ प्रश्न : कसे निघाले होते हे तुम्हाला कुठून कळणार? कॅटलॉगमधून? रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात रॅन्सम्सचे दप्तर आहे, त्याचा उपयोग मोठा. पण चित्राचे ठसेही लाकडी नमुन्यांसारखेच वर्षानुवर्षे वापरले जात. तुमच्या यंत्राचा रंग तुमच्याच यंत्रावर आहे. तो उडवून त्या जागी पसंतीचा हिरवा लावला तर तो मान यंत्राचा झाला की आपल्या आवडीचा?

राहिला गंज. तो थांबवायला हवा, यात वाद नाही. पण गंज थांबवणे आणि पृष्ठभाग काढणे ही एकच क्रिया आहे असे कोणी ठरवले? वायर ब्रशचा हलका हात, रॉकेल, मग पातळ तेल किंवा मेण; घरात ठेवलेल्या यंत्राला एवढे पुरते. उघड्या, रंग नसलेल्या भागांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढता येतो. दुसऱ्या टोकाला साधे लोखंड लावावे, स्टेनलेस स्टील कदापि नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा, म्हणून कोरडा घासणे हे यंत्रापेक्षा माणसाला अधिक घातक.

एका बाबतीत मात्र मी स्नेह्यांच्या बाजूचा आहे. यंत्र चालले पाहिजे. खालची सुरी ही झिजायसाठीच असते. ती बदलण्यात पाप नाही. रिळाच्या पात्यांना व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून रीळ उलटे फिरवावे, धुऊन काढावे, दोन्ही टोकांचे स्क्रू पाव पाव फेरा आवळत जावे आणि वर्तमानपत्राची एकपदरी पट्टी मध्ये धरावी. डावीकडून उजवीकडे प्रत्येक जागी ती कात्रीने कापल्यासारखी तुटली पाहिजे. तुटताना होणारा तो बारीक खस आवाज ऐकला की बडिंगने गिरणीत काय पाहिले असेल ते समजते. या कामासाठी रंगाचा एक टवकाही काढावा लागत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. सँडब्लास्टिंगला देण्याआधी एक दिवस काढा. फोटो घ्या, पाटी सोडवा, प्रत्येक बोल्टला गेज लावा, आतल्या बाजूचे आकडे वहीत उतरवून ठेवा. त्यानंतरही रंगच मारायचा असेल तर मारा. यंत्र तुमचे आहे. फक्त पाटीखालचा दीड बाय तीन इंचांचा तेवढा चौकोन झाकून घ्या, आणि पाटी त्याच स्क्रूंनी परत बसवा.