व्यासपीठ आणि निर्णय : जबाबदार तरुण घडतात कुठे?

आजचा विषय आहे शाश्वत विकास आणि जबाबदार युवा नेतृत्व. यातला 'जबाबदार' हा शब्द आपण आधी नीट पाहू. तो मूळ फारसी. जबाब म्हणजे उत्तर. उत्तर ज्याच्याकडे आहे, ज्याला ते द्यावं लागतं, तो जबाबदार. संस्कृत वळणाचा 'उत्तरदायित्व' हा शब्दही तेच सांगतो. म्हणजे जबाबदारी हा केवळ मनाचा गुण नाही. कोणीतरी विचारणारा असावा लागतो आणि त्याच्यासमोर आपल्याला उभं राहावं लागतं.

पर्यावरणाच्या प्रश्नात नेमकी इथेच अडचण येते. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा : आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता हिरावून घ्यायची नाही. आता या पुढच्या पिढ्या जन्मालाच आलेल्या नाहीत, मग आपल्याला जाब कोण विचारणार? हान्स योनास या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९७९ साली जबाबदारीच्या तत्त्वावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हाच पेच आहे. जुनं नीतिशास्त्र समोरच्या माणसापुरतं, शेजाऱ्यापुरतं होतं. तंत्रज्ञानाने आपल्या कृतींचा पल्ला शतकांपर्यंत नेला, पण आपलं नीतिशास्त्र शेजाऱ्याच्या अंगणातच राहिलं.

यावर जगाने शोधलेला उपाय म्हणजे तरुणांना पुढे आणणं. १९९२ साली रिओ द जानेरोला वसुंधरा परिषद झाली. तिथे स्वीकारलेल्या 'अजेंडा २१' मध्ये मुलं आणि तरुण यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच परिषदेत सेव्हर्न सुझुकी या बारा वर्षांच्या कॅनडियन मुलीने भाषण केलं आणि सभागृह स्तब्ध झालं. पुढे २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग स्वीडनच्या संसदेबाहेर फलक घेऊन बसली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दोघींमध्ये सव्वीस वर्षांचं अंतर, पण तक्रार जवळजवळ तीच. यातून काय दिसतं? आपण तरुणांना व्यासपीठ दिलं, टाळ्याही दिल्या. निर्णय मात्र आपल्याच हातात ठेवला. ज्याच्या हाती निर्णय नाही, त्याला जाब कसा विचारणार? आणि ज्याला जाब विचारता येत नाही, तो जबाबदार कसा होणार?

आता आपल्याकडचा एक धागा पाहू. जयप्रकाश नारायण यांनी १९७५ च्या आरंभी छात्र-युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली. सभासदत्वाला तीस वर्षांची वयोमर्यादा होती. तिशी ओलांडली की जागा रिकामी करायची! तरुणांच्या संघटनेचं नेतृत्व पन्नाशीच्या माणसांनी करायचं, ही आपली जुनी खोड. तिच्यावर हा साधा इलाज होता. वाहिनीच्या तरुण-तरुणींनी १९७८ पासून बोधगयेत भूमिहीनांसोबत जमिनीचा लढा दिला आणि जमिनीचे पट्टे स्त्रियांच्या नावावरही व्हावेत हा आग्रह धरला.

या वाहिनीतून आलेल्यांपैकी एक मोहन हिराबाई हिरालाल. ते चंद्रपूर-गडचिरोली भागात कामाला लागले. ऐंशीच्या दशकात तिथे इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. धरणं मागे पडली. सहसा अशा वेळी आंदोलन विरून जातं आणि नेते पुढच्या आंदोलनाकडे वळतात. इथे तसं झालं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात एक वेगळाच प्रश्न पुढे आला : जंगल वाचलं, ते आता सांभाळायचं कोणी आणि ठरवायचं कोणी?

मेंढ्याने काय केलं, ते आपण जरा सावकाश पाहू, कारण सगळं मर्म तिथे आहे. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक अभ्यास गट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात कोणीही यावं, बाहेरच्या जाणकारानेही यावं, प्रश्न समजून घ्यावा. पण तिथे निर्णय करायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तो बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एखाद्याला पटलं नाही, तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. देवाजी तोफा यांच्यासारखं नेतृत्व या रीतीतून वर आलं. बाहेरच्या सहकाऱ्याने माहिती पुरवायची, ठरवायचं मात्र गावाने. गोंड समाजात घोटुल ही तरुण मुलामुलींना समाजात वावरायला शिकवणारी जुनी संस्था होतीच. त्यामुळे तरुणांनी समूहात राहून शिकणं तिथे नवं नव्हतं.

या तयारीला फळ यायला वेळ लागला. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवाच होता, तो देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा, हे आता गावालाच ठरवायचं होतं. चुकलं तर दोष द्यायला दुसरं कोणी उरलं नाही, आणि जाब विचारणारी, उद्या त्याच जंगलावर जगणारी मुलं घरातच होती. योनासचा पेच इथे पुस्तकाबाहेर पडून सुटताना दिसतो.

कोणी म्हणेल, चार-पाचशे वस्तीच्या गावाचं जागतिक हवामानाशी काय नातं? आक्षेप रास्त आहे. सर्वसहमतीने संयुक्त राष्ट्रसंघ चालवणं किती कठीण आहे, ते आपण पाहतोच. मेंढा हा साचा नाही, तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण जगाच्या प्रश्नावर उद्या जो तरुण बसेल, त्याला निर्णयाचं ओझं कधीतरी, कुठेतरी आधी पेललेलं असावं लागतं. ते दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिरात आणि प्रमाणपत्रात मिळत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. महाविद्यालयांनी पर्यावरण दिनाला भाषणस्पर्धा जरूर घ्याव्यात. पण त्याचबरोबर वसतिगृहाचं पाणी, खानावळीतलं वाया जाणारं अन्न, आवारातली झाडं, यांतला एखादा विषय पैशांसकट विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. त्यांनी आधी अभ्यास करावा, मग ठरवावं, आणि वर्षाअखेरीस पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसमोर हिशेब मांडावा. काही निर्णय चुकतील. चुकू द्यावेत. आपण ज्येष्ठांनी त्या वेळी खुर्ची थोडी मागे सरकवून बसावं, हे मात्र आपल्याला जमलं पाहिजे.